शनिवारचा कॅप्टन

"काका, मानलं तुम्हाला! पडूबाईला कॅप्टन करायची छाती आमच्यात कोणाची नाय," असं गुरुप्रसाद म्हणाला आणि गोपाळकृष्ण हसले. हसले म्हणजे तोंडाने जे करायचं असतं ते त्यांनी केलं. रविवारची सकाळ होती, माळनाक्यावरचं गुरुप्रसादचं झेरॉक्सचं दुकान नुकतंच उघडलं होतं, मशीन अजून गरम होत होतं. गोपाळकृष्णांच्या हातात आधार कार्ड होतं आणि ते कशासाठी आणलं हे क्षणभर त्यांच्या ध्यानातून गेलं. "चौतीस पॉइंट एकट्या पडूबाईचे," गुरुप्रसाद म्हणतच होता. "मी आपला सरळमार्गी, सगळ्यांनी केला तोच कॅप्टन केला, आठावर आटपलो. पण काका, त्या शेंडीवाल्याला अजून बाकावर कशाला सांभाळताव?" गोपाळकृष्ण म्हणाले, "अनुभव लागतो बाबा, अनुभव." आणि कार्ड काउंटरवर टाकून, झेरॉक्स न घेताच रस्त्यावर आले.

आता हा काय प्रकार ते सांगायला हवं, कारण रत्नागिरीत साठी उलटलेला माणूस कॅप्टनची गोष्ट काढतो म्हटल्यावर कोणालाही जयगडच्या बोटी आठवतील. तर हा फोनवरचा खेळ. तिकडे इंग्लंडात खरे फुटबॉलचे सामने चालतात; इकडे आपण त्याच खेळाडूंतले पंधरा जण निवडायचे, त्यांतले अकरा खेळवायचे, चार बाकावर बसवायचे, एकाला कॅप्टन नेमायचं. खरा माणूस खऱ्या मैदानावर जे दिवे लावील त्याचे गुण आपल्याला, कॅप्टनचे दुप्पट. दर आठवड्याला संघ नव्याने लावायचा आणि तो शनिवारी दुपारी साडेचारच्या आत, कारण साडेचारला कुलूप पडतं. गोपाळकृष्णांच्या भाच्याने, पुण्याच्या अपूर्वने, घरचे आणि ओळखीचे मिळून नऊ जणांची एक लीग काढली होती. परदेशी नावं कोणाच्या जिभेवर बसेनात म्हणून त्यानेच टोपणनावं पाडली. धक्का लागायच्या आधीच जमिनीवर लोळण घेणारा तो पडूबाई. डोक्यावर बुचडा बांधून गोल करणारा तो शेंडीवाला. आणि या नऊ जणांत जानेवारीपासून पहिला नंबर कोणाचा, तर जमीन मोजणीच्या ऑफिसातून सर्व्हेअर म्हणून निवृत्त झालेल्या गोपाळकृष्णांचा. निवृत्तीनंतर माणसाला मान देणाऱ्या गोष्टी फार उरत नाहीत. हा पहिला नंबर त्यांनी छातीवर बिल्ला लावावा तसा मिरवला होता. बँकेत, दाढीच्या दुकानात, समुद्रावर मांडवीच्या कट्ट्यावर.

पण त्यांनी शनिवारी पडूबाईला कॅप्टन केलंच नव्हतं. शेंडीवाल्याला केलं होतं. हे त्यांना आठवत होतं आणि नुसतं आठवत नव्हतं, अंगाला आठवत होतं. जेवण झालेलं, झोपाळ्याची कडी कुरकुरत होती, बोटाला सोलकढीचा वास, त्या बोटाने त्यांनी शेंडीवाल्याचं नाव दाबलं, कॅप्टनची खूण त्याच्यापुढे उमटली, मग फोन उशाशी ठेवून ते आडवे झाले. नाक्यावरच्या पिंपळाखाली उभं राहून त्यांनी फोन उघडला. खूण पडूबाईपुढे होती. शेंडीवाला बाकावर, तिसऱ्या नंबरला, शून्य गुण. शेंडीवाल्याला बाकावर? त्यांनी? मुलीच्या लग्नात सख्ख्या भावाला पंगतीत बसवायचं राहिलं असतं एक वेळ, पण शेंडीवाला बाकावर बसला नसता. एक रिक्षा त्यांना चुकवत, शिव्या घालत गेली. गोपाळकृष्ण घाबरले होते. कारण या गोष्टीचा अर्थ एकच होत होता. आपण बदललं आणि बदलल्याचं आपल्याला आठवत नाही.

भीतीला तोंड असतं, आणि गोपाळकृष्णांच्या भीतीला रावजीचं होतं. रावजी म्हणजे लांज्याकडचा त्यांचा शिपाई. वीस वर्षं मोजणीच्या साखळीचं दुसरं टोक त्याच्या हातात होतं. एका टोकाला हे, दुसऱ्या टोकाला तो, मधे कातळ, करवंदीच्या जाळ्या, भांडणारे भाऊबंद. गेल्या दिवाळीनंतर ते त्याला भेटायला गेले तर रावजी अंगणात खुर्चीवर बसलेला, दाढी कोणीतरी नीट केलेली, आणि अगदी अदबीने विचारता झाला, "कोन ओ तुमी? कुठनं आलाव?" त्या अदबीनेच गोपाळकृष्णांचा जीव गेला. शिवी दिली असती तरी चाललं असतं. परतीच्या एसटीत ते सबंध वेळ जमिनींचे गट नंबर घोकत आले. कारण स्मरणशक्ती हीच त्यांची इस्टेट होती. दुसरे सर्व्हेअर नकाशे उलगडून बसत, हे डोळे मिटून सांगत: अमक्या गटाच्या उत्तरेला रचलेल्या दगडांचा गडगा, गडग्यात वाकडं फणसाचं झाड, झाडापासून सात पावलांवर हद्दीचा दगड. दगड तिथेच निघायचा. वकील कोर्टाच्या आवारात त्यांना गाठून विचारायचे. कागदावर टिपून ठेवणं त्यांना कमीपणाचं वाटे. "लिहितो तो विसरायच्या तयारीने लिहितो," असं ते ऑफिसात नव्या पोरांना सुनवायचे आणि पोरं पाठीमागे नाकं मुरडायची.

घरी आले तेव्हा बायको, मालिनी, कोकम सरबताच्या बाटल्या उन्हातून आत घेत होती. तिने विचारलं, "मिळाली झेरॉक्स?" ते म्हणाले, "मशीन बिघडलंय." हे खोटं त्यांच्या तोंडून इतकं सहज गेलं की त्यांचं त्यांनाच वाईट वाटलं. मालिनीने नुसतं एकदा बघून घेतलं, शाळेत चौतीस वर्षं पोरांकडे बघितलं तसं. तिला विचारावं, की मी काल दुपारी झोपेतून मधेच उठलो होतो का? पण मग ती विचारणार, का? आणि त्या 'का'च्या पुढे सगळं उघडं पडणार. झाकली मूठ सव्वा लाखाची. तिला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, निदान गोपाळकृष्णांच्या हिशेबी तरी. तिच्या कानावर हे सगळं इतकंच यायचं की शनिवारी रात्री हे खूश आहेत का नाहीत. त्यांनी अपूर्ववर संशय घेऊन पाहिला. पुण्यात कॉम्प्युटरवर बसणारी पोरं, काय वाटेल ते करतील. पण अपूर्व स्वतः चौथ्या नंबरवर होता, तो मामाला कशाला जिंकवील? मग खेळावरच संशय घेतला. यंत्र आहे, चुकतं. पण यंत्र चुकून नेमक्या चौतीस गुणांच्या माणसावर बोट कसं ठेवील? फिरून फिरून भोपळे चौकात. संशयाला रत्नागिरीत एकच माणूस उरत होता आणि तो आरशात होता.

सोमवार गेला, मंगळवार गेला. गोपाळकृष्ण स्वतःवर पहारा ठेवून जगत होते आणि असा पहारा फार दमवतो. गॅस बंद केला का? केला. पाहिलं, खरंच केलेला होता. किल्ली? खिशात. आज वार कोणता? बुधवार, पेपरात पाहिलं, बुधवारच. प्रत्येक वेळी ते पास होत होते आणि प्रत्येक वेळी छाती थोडी सैल होत होती, पण परीक्षा काही संपत नव्हती. भाट्याच्या पुलावर उभं राहून त्यांनी खाडीकडे बघत सत्त्याऐंशी सालची एक अख्खी मोजणी मनात पुन्हा केली. कुठल्या वाडीत उतरलो, कोणाच्या पडवीत भाकरी खाल्ली, कोणत्या बांधावर दोन भाऊ कोयते घेऊन उभे राहिले, रावजी मधे कसा पडला. सगळं लख्ख. रावजीच्या सदऱ्याचं तुटलेलं बटणसुद्धा. मग ज्या डोक्यात अडतीस-एकोणचाळीस वर्षांपूर्वीचं बटण शाबूत आहे, त्या डोक्यात गेल्या शनिवारची दुपार का राहू नये? पुलावरून मोटारी जात होत्या, पूल बारीक थरथरत होता, आणि ती थरथर चपलांतून पोटऱ्यांपर्यंत चढत होती. त्यांना वाटलं, मोठ्याने ओरडावं. मग ओळखीचं कोणीतरी स्कूटरवरून "काय काका, फिरायला?" म्हणून गेलं आणि त्यांनी हात वर केला.

फुटबॉलचं खूळ त्यांना कोल्हापुरात लागलं. इथली बाकीची पोरं मुंबईला गेली, हे शिकायला घाट चढून गेले. तिथे पेठापेठांचे संघ, सामना असला की दुकानं ओस पडायची. गोपाळकृष्ण कॉलेजच्या संघात डाव्या बाजूचे बचावपटू होते. पाय बेताचे, पण कोण कुठून धावत येणार हे त्यांना आधी दिसायचं. त्यांचा कॅप्टन म्हणायचा, कोकण्याला मैदानाचा नकाशा पाठ आहे. एकदा पावसाळी मैदानावर, चिखलात, त्यांनी डोळे मिटून मागे चेंडू दिला आणि तिथे आपला माणूस होता. तो आवाज, चिखलातून चेंडू पायावर बसल्याचा पचकन आवाज, त्यांना आज पुलावरही ऐकू आला. या फोनवरच्या खेळात त्यांना तेच सुख मिळत होतं. इथे बसून सांगायचं, तो तिथे असणार. आणि तो असायचा. जानेवारीपासून तर दर आठवड्याला असायचा. आता ते सुखच नासलं. कारण तिथे कोण असणार हे सांगणारा जो कोणी होता, तो आपण होतो याची खात्री राहिली नव्हती.

शनिवार उजाडला. गोपाळकृष्णांनी ठरवलं होतं, आज संघ पूर्ण शुद्धीत लावायचा आणि साडेचारपर्यंत डोळ्याला डोळा लावायचा नाही. झोपेत उठून आपणच काही करत असू, तर आज झोपच नको. जेवण झाल्यावर ते झोपाळ्यावर बसले आणि एकेक माणूस कोर्टात साक्षीला उभा करावा तसा तपासू लागले. गोलरक्षक घरच्या मैदानावर, समोरचा संघ शेपटाला, ठेवावा. बचावाला तीन. त्यातल्या एकाला नऊ पिवळी कार्डं झालेली, दहाव्याला बंदी. धोका आहे, पण असू दे. मधल्या फळीत चार, पडूबाईसकट. पडूबाईचा आज बाहेरगावी सामना, बळकट संघाशी. गेल्या आठवड्याचं सोनं या आठवड्याला पितळ ठरतं, हे ज्याला कळतं तोच या खेळात टिकतो. पुढे तीन. आणि शेंडीवाला. त्याच्या नावाशेजारी एक लाल खूण होती. गोपाळकृष्णांनी चष्मा सारखा केला. ही खूण आजच आलेली दिसते, गेल्या शनिवारी नव्हती. गुडघ्याचं काहीतरी लिहिलं होतं. हे कोच लोक बिलंदर; असलेली दुखापत लपवतात आणि नसलेली दाखवतात. आठवडाभर लंगडतो म्हणायचं आणि शनिवारी मैदानात उतरवायचं. इतरांना हे कळत नाही म्हणून इतर मागे आहेत. त्यांनी शेंडीवाल्याला बाकावरून उचलून अकरांत घेतलं आणि त्याच्यापुढे कॅप्टनची खूण केली. तीन वाजून पाच मिनिटं. त्यांनी ते दोनदा पुटपुटून पाहिलं: शेंडीवाला, शनिवार, तीन वाजून पाच. कितीतरी दिवसांनी त्यांना बरं वाटलं.

मग ते खोलीत जाऊन पडले, कारण न पडावं तर मालिनी कपाळाला हात लावून बघणार, ताप आहे का. फोन उशाशी ठेवला. डोळे मिटले, पण आत टक्क जागे. पंखा फिरत होता. शेजारी कोणाकडे तरी करवत चालली होती, थांबत होती, पुन्हा चालत होती. घड्याळाचे चार ठोके पडले. दार उघडल्याचा आवाज झाला नाही. पण खोलीतली हवा बदलली, पावडरीचा आणि कोकमाचा ओळखीचा वास आला आणि मालिनी खाटेच्या कडेला येऊन उभी राहिली. गोपाळकृष्णांना वाटलं, पांघरूण घालायला आली. त्यांनी पापण्या किलकिल्या केल्या. मालिनीने फोन उचलला होता. अंगठ्याने कुलूप उघडलं, सराईतपणे. चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि खिडकीच्या उजेडात तोंड करून ती भराभर बोटं चालवू लागली. ओठ हलत होते तिचे. आणि मग अगदी हळू, स्वतःशी, पण स्पष्ट ती म्हणाली, "पडूबाई नको आज. बाहेरगावी आहे."

गोपाळकृष्ण ताडकन उठून बसले. त्यांना आधी काय झालं असेल तर आनंद झाला. आपण नव्हतो! ही होती! डोकं शाबूत होतं, गट नंबर शाबूत होते, रावजी लांज्यात होता आणि आपण इथे होतो. हसू फुटणार तेवढ्यात राग आला आणि तो आला तो आठवडाभर साचलेला असावा तसा आला.

"चोरी!" ते ओरडले. "माझ्या घरात, माझ्या उशाशी चोरी! आठ दिवस, मालू, आठ दिवस मी मेल्यासारखा फिरतोय. मला वाटलं, माझं डोकं गेलं. आणि तू? कधीपासून हे?"

मालिनी दचकली नाही. या गोष्टीचं नवल त्यांना नंतर वाटलं. ती शांतपणे खाटेच्या कडेला बसली, फोन मांडीवर ठेवला.

"डिसेंबरपासून," ती म्हणाली.

"डिसेंबर! म्हणजे पहिला नंबर..."

"माझा. हो. अहो, त्यात काय मोठं? शाळेत हजेरी घेतात तसं आहे ते. हुशार कोण हे नंतर बघायचं, आधी हजर कोण राहणार ते बघायचं. शुक्रवारी ते कोच लोक बोलतात, खाली अक्षरं येतात, मी आपली कोकमं निवडत वाचते. जो खेळणार तो आत, जो नाही तो बाहेर. मुलखाचे हुशार तुम्ही सगळे, तुम्ही हजेरीच घेत नाही."

चौतीस गुण, बँकेतली वाहवा, मांडवीचा कट्टा, 'अनुभव लागतो बाबा', सगळं या बाईच्या कोकमाच्या ताटात. गोपाळकृष्णांना लाज वाटली, कानापर्यंत गरम झाले ते. पण लाजेच्याही खाली ती सुटका होतीच, आणि तिच्या जोरावर ते म्हणाले, "बरं, हरलो. पण विचारायची काय चोरी होती? आणि शेंडीवाल्याशी तुझं काय वैर? हुकमी माणूस तो!"

मालिनीने त्यांच्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते, आणि हे त्यांना अजिबात समजेना.

"शेंडीवाल्याचा गुडघा डिसेंबरात गेला," ती म्हणाली. "ऑपरेशन झालं. तो पुढच्या दिवाळीपर्यंत खेळणार नाही. ती लाल खूण तीन महिने तिथेच आहे. तुम्ही दर शनिवारी त्याला कॅप्टन करता."

करवतीचा आवाज थांबला होता. गोपाळकृष्ण म्हणाले, "आज आली ती खूण."

"दर शनिवारी आजच येते," मालिनी म्हणाली. "डिसेंबरात तीन आठवडे तुम्ही तेच केलं. पोरं ग्रुपवर हसायला लागली. कोणीतरी तुमचा फोटो टाकला, खाली लिहिलं, दवाखान्याचे कॅप्टन. अपूर्वने मला फोन केला, रडकुंडीला आला होता. म्हणाला, मामी, मामांना काहीतरी होतंय. मला नाही सहन झालं हो, तुम्हाला कोणी हसलेलं. मग मी शिकले. शेंडीवाल्याला काढून टाकला असता तर तुम्ही शोधत बसला असता, म्हणून बाकावर ठेवला."

पायाखालची वाळू सरकली असं लोक म्हणतात. गोपाळकृष्ण खाटेवर बसलेले होते, पाय वर होते, तरी त्यांना ते सरकणं कळलं. दोन मिनिटांपूर्वी हातात आलेली सुटका कोणी तरी परत मागून घेतली होती. ते म्हणाले, "हे खोटं आहे. गेल्या शनिवारचं मला सगळं आठवतंय. बोटाला सोलकढीचा वास होता." मालिनी म्हणाली, "वास होता. वास तुमचा खरा असतो." मग ती उठली, कपाटातल्या साड्यांखालून एक निळ्या पुठ्ठ्याची वही काढली आणि त्यांच्यासमोर उघडून धरली. शाळेत रोजच्या पाठाचं टाचण काढायची तिची वही. मागची पानं कोरी राहिली होती ती तिने वापरली होती. तेच वळणदार अक्षर, डावीकडे तारीख, उजवीकडे मजकूर.

गोपाळकृष्ण वाचू लागले. तीन जानेवारी, शनिवार: कॅप्टन शेंडीवाला. बदलला. सहा जानेवारी: बँकेतून चालत आले, स्कूटर तिथेच. दहा जानेवारी: कॅप्टन शेंडीवाला. बदलला. पहिला नंबर आला, फार खूश होते. आर्याला फोनवर तीच गोष्ट दोनदा सांगितली, आर्याने दोनदा ऐकली. आर्या त्यांची मुलगी, बंगळूरला असायची. म्हणजे तिलाही ठाऊक होतं. त्यांनी पान उलटलं. पुढची नोंद जरा मोठी होती. चोवीस जानेवारी, शनिवार: आज झोपले नाहीत, सोंग घेऊन पडले होते. मला फोन घेताना पकडलं. चोरी म्हणाले. सगळं सांगितलं. खूप चिडले, मग रडले. मांडवीला जाऊन बसलो अंधार पडेपर्यंत. आर्याला सांग म्हणाले, डॉक्टरकडे येतो म्हणाले. त्याखाली: सत्तावीस जानेवारी. डॉक्टरचं काढलं. कसला डॉक्टर, म्हणाले. काही आठवत नाही.

गोपाळकृष्णांनी मान वर केली. मालिनी खिडकीकडे बघत होती. त्यांना मांडवी आठवली, पण ती कुठली तरी, नेहमीची, शेंगदाण्याच्या पुड्यांची. त्यात रडणारा कोणी म्हातारा नव्हता. त्यांनी स्वतःच्या गालाला हात लावून पाहिला. मग पुन्हा वाचलं. अठ्ठावीस फेब्रुवारी, शनिवार: पुन्हा सोंग. पुन्हा पकडलं. पुन्हा चोरी म्हणाले. पुन्हा सगळं सांगितलं.

आज सकाळपासून त्यांनी रचलेला तो बेत, तो जागता पहारा, ते मिटलेले डोळे, आयुष्यात पहिल्यांदा आपण बायकोला पकडलं हा विजय. सगळं या वहीत आधीच होऊन गेलेलं होतं. आत्ता बसलेला हा धक्कासुद्धा नवा नव्हता. तो त्यांना तिसऱ्यांदा बसत होता.

आणि दोन्ही नोंदींखाली सही होती. मोजणी झाली की सर्व्हेअरने टिपण दोन्ही लगतदारांना, म्हणजे शेजारशेजारच्या जमीनमालकांना, वाचून दाखवायचं आणि खाली त्यांची सही घ्यायची, म्हणजे उद्या कोणी फिरलं तर फिरता येऊ नये. अडतीस वर्षं गोपाळकृष्णांनी लोकांकडून अशा सह्या घेतल्या. आता खाली सही होती ती त्यांची स्वतःची. गो. कृ., आणि खाली आडवी रेघ. चोवीस जानेवारीला: "वाचून पाहिले, बरोबर आहे." अठ्ठावीस फेब्रुवारीला: "वाचून पाहिले, बरोबर आहे." आणि तिथे आणखी एक ओळ होती, त्यांच्याच हातची, जरा थरथरलेली: "पुढील वेळी मला हे सांगू नये."

"मग आज का सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही जागे आहात हे मला माहीत होतं," मालिनी म्हणाली. "रविवारपासून गप्प आहात. झेरॉक्सचं मशीन बिघडलं नव्हतं, गुरुप्रसादने कार्डासकट झेरॉक्स घरी आणून दिली. आज तुम्ही झोपणार नाही हे मी सकाळीच ओळखलं होतं. संघ लावायला स्वयंपाकघरात फोन नेता आला असता. नाही नेला. अहो, आपलं दोघांचं म्हणून जे काही होतं, ते आता मला एकटीलाच माहीत असतं. किती दिवस मी एकटीने माहीत ठेवू?"

गोपाळकृष्णांनी पान पुन्हा उलटलं. आजची तारीख पडलेली होती. तिच्यापुढे सकाळच्या शाईने एक ओळ होती: आज ह्यांना कळेल. खाली दोन ओळी कोऱ्या सोडल्या होत्या. उद्या नाही, परवा नाही, पण एखाद्या मंगळवारी-बुधवारी हे सगळं आपल्या हातून निघून जाणार, आणि आपण पुन्हा पुलावर उभे राहून रावजीचं बटण मोजत खूश होणार, हे त्यांना आत्ता ढळढळीत दिसत होतं. न सांगितलेलं सोपं होतं. कोणाला सोपं, तेही दिसत होतं. त्यांनी हात पुढे केला. मालिनीने पेन दिलं.

त्यांनी लिहिलं, "वाचून पाहिले, बरोबर आहे." मग दुसऱ्या ओळीत, सरकारी कागदावर काढत तसं ठळक अक्षर काढून लिहिलं, "वरील सूचना रद्द. दर वेळी सांगावे. कितीही वेळा." खाली गो. कृ., आणि आडवी रेघ.

मालिनीने ती ओळ वाचली, पदराने चष्मा पुसला आणि पुन्हा वाचली. घड्याळात सव्वाचार होऊन गेले होते. तिने फोन उचलला आणि ती त्यांच्या शेजारी सरकून बसली. "गोलरक्षकापासून घेऊ," ती म्हणाली, आणि एकेक नाव मोठ्याने वाचू लागली. गोपाळकृष्ण प्रत्येक नावाला विचारत राहिले, हजर आहे का.